खांबाखालची अवस

येरमाळ्याच्या मोटार स्टँडवर तो म्हातारा रोज विजेच्या खांबाला पाठ टेकून बसायचा. निवडणुकीआधी घाईनं रोवलेल्या त्या खांबाला अजून तार लागली नव्हती. म्हाताऱ्याचा पटका मात्र त्यावर रोज टांगलेला.

एका संध्याकाळी त्यानं मला विचारलं, "मास्तर, अवसंला चंद्र जातो कुठं?"

मी लगेच खांबाशेजारच्या हॉटेलाच्या दारातल्या कंदिलासमोर हातातला पेरू धरला. "आजोबा, चंद्राची अर्धी बाजू कायम उजळलेली असते. अवसेला ती पलीकडं असते, आपल्याकडं अंधारी बाजू. पुनवेला उजळ बाजू आपल्याकडं."

त्यानं पेरू घेतला, कंदिलापुढं फिरवून पाहिला आणि शांतपणे खाऊन टाकला.

"म्हंजी उजेड हाय, पर तोंड दुसरीकडं," तो म्हणाला. मग खांबावर थाप मारली. "आमच्या आमदाराचंबी तसंच. मतं मागाय आला, तवा पुनव व्हती."