सगळ्या टेबलांचे एकच सेशन

पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसमधून सकाळी फोन आला. तक्रार एका वाक्याची होती. बॉक्समध्ये एका शेतकऱ्याची द्राक्षे भरली जात होती आणि लेबलवर दुसऱ्याच्या प्लॉटचा नंबर छापून येत होता. दर वेळी नाही, मधूनच.

लेबले छापणारा तो जावामधला वेब प्रोग्राम आमच्या नाशिकच्या कंपनीने लिहिला होता आणि त्याची देखभाल माझ्याकडे होती. मधूनच चुकणारा प्रोग्राम पूर्ण बंद पडलेल्या प्रोग्रामपेक्षा वाईट. बंद पडलेला निदान कुठे दुखते ते सांगतो. आम्ही ऑफिसात तीच कृती पुन्हा पुन्हा करून पाहिली. लेबल बरोबर येत होते. सर्व्हरच्या नोंदीतही काही वावगे नव्हते. मग सहकाऱ्याला फोनजवळ बसवून मी लॅपटॉप घेतला आणि आग्रा हायवेला लागलो.

पॅकहाऊसच्या अंगणात एक रिकामा कंटेनर उभा होता. युरोपला जायचा. आत गारठा, लांब टेबले आणि टेबलांच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या टोप्या, हातमोजे घातलेल्या बायका. कात्रीने खराब मणी काढून घड डब्यांत, डबे बॉक्समध्ये. प्रत्येक टेबलाला एक फोन आणि एक लेबल प्रिंटर. एका टेबलावर एका वेळी एकाच शेतकऱ्याचा माल, हा तिथला कडक नियम.

या सगळ्याची जबाबदारी एका ताईंवर होती. आधीचे हंगाम त्याही याच टेबलांवर कात्री चालवत होत्या. या हंगामात मालकाने त्यांना इन्चार्ज केले होते. अंगणातला कंटेनर त्यांच्या देखरेखीखालचा पहिला. तो नीट गेला तर हंगाम ताईंकडे, नाहीतर जुन्या इन्चार्जला परत बोलावू, असे मालकाने सगळ्यांसमोर सांगून ठेवले होते. संध्याकाळी तपासणी अधिकारी येणार होते. ते हवे ते बॉक्स उघडणार आणि लेबल, माल व शेतकऱ्याचे कागद ताडून पाहणार. एखादाही बॉक्स जुळला नाही तर कंटेनर जागचा हलणार नव्हता.

"साहेब, आधी चहा का आधी भूत?" ताईंनी विचारले.

"भूत."

"भूत कशाचं," जवळच्या टेबलावरून आवाज आला. "कॉम्प्युटर दमलाय. आम्हाला सुट्टी नाय, त्याला तरी कुठून मिळणार?"

चूक पहिल्यांदा ज्यांनी पकडली ते काकाही तिथेच होते. काळ्या द्राक्षांचे बागायतदार. माल सोडायला आले होते आणि सहज बॉक्सकडे पाहिले, तर लेबलवर शेजारच्या गावातला प्लॉट आणि जात पांढरी.

"काका, क्रीम लावून आणली व्हय द्राक्षं? गोरी झाली एकदम!"

"तुम्ही हसा. माझ्या वर्षभराच्या मेहनतीवर त्या शेजारगाववाल्याचं नाव. त्यानं तर काळी द्राक्षं कधी लावली पण नाय."

आमचा पहिला संशय कॅशेवर होता. वारंवार लागणारी माहिती चटकन देता यावी म्हणून प्रोग्राम ती हाताशी साठवून ठेवतो. साठवलेली शिळी झाली तर जुनेच उत्तर मिळते. मी फोनवर सांगितले तसा सहकाऱ्याने सर्व्हरवरचा सगळा साठा रिकामा केला. पुढचे लेबल बरोबर आले. त्याच्या पुढचेही. टेबलावर टाळ्या पडल्या. त्यानंतरच्या लेबलवर काळी द्राक्षे पुन्हा पांढरी झाली.

"टाळ्या परत घ्या गं," कोणीतरी म्हणाले.

मग मी लॅपटॉप मिटला आणि दोन टेबलांच्या मध्ये नुसता उभा राहिलो. काळ्या द्राक्षांच्या टेबलावरच्या बाईंनी फोनवर काकांचा प्लॉट निवडला. लेबल बरोबर. थोड्या वेळाने शेजारच्या टेबलाने आपला पांढऱ्याचा प्लॉट निवडला. लगेच काळ्याच्या टेबलावर पांढऱ्याचे लेबल. दोघींना मी हे मुद्दाम पुन्हा करायला सांगितले. पुन्हा तसेच. आता क्रम उलटा: आधी पांढरे, मग काळे. या वेळी पांढऱ्या द्राक्षांना काकांचा नंबर मिळाला.

"घ्या, आता त्याची माझ्या नावावर," काका म्हणाले. त्यांचा राग बराच उतरला.

म्हणजे दोन टेबले सर्व्हरला एकच वाटत होती. मी काळ्याच्या टेबलावरचा फोन हातात घेऊन पाहिला. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, लॉगिन केलेल्या व्यक्तीचे नाव असते. तिथे ताईंचे नाव होते. शेजारच्या फोनवरही. पुढच्याही.

"सगळीकडे तुमचंच नाव कसं, ताई?"

"इन्चार्ज मी हाय, तर माझंच येणार ना?"

"लॉगिन कसं करता सकाळी?"

उत्तर टेबलावरच्या बाईंनी दिले. "लॉगिन कुठं करतो? ताई ग्रुपवर लिंक टाकतात. दाबली की उघडतं."

ताईंनी खुलासा केला. आधी प्रत्येकीला पासवर्ड टाकावा लागे. म्हणजे हातमोजे काढायचे, टाइप करायचे, पुन्हा हात धुवायचे, नवे हातमोजे चढवायचे. यात सकाळ जायची. एकदा त्यांनी स्वतः लॉगिन करून त्या पानाची लिंक ग्रुपवर पाठवली, आणि पासवर्ड न विचारता ते पान सगळ्यांच्या फोनवर उघडले. "मला वाटलं तुम्हीच नवी सोय केली. लय भारी वाटलं. तुम्हाला थँक्यू पण म्हणणार होते."

मी ग्रुपवरची लिंक उघडून वाचली. पॅकहाऊसच्या पत्त्यानंतर अर्धविराम, आणि त्यापुढे अक्षरे-आकड्यांची लांब शेपटी. कोडे तिथे संपले.

लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला सर्व्हर एक ओळखक्रमांक देतो. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळतो तो बिल्लाच. त्या क्रमांकाखाली तुमचे नाव, तुम्ही निवडलेला प्लॉट वगैरे तो लक्षात ठेवतो. याला सेशन म्हणतात. हा बिल्ला ब्राउझरने आपल्या खिशात, म्हणजे कुकीत, ठेवायचा असतो. पण ब्राउझर कुकी ठेवतो की नाही याची पहिल्या भेटीत सर्व्हरला खात्री नसते, म्हणून जावाचे सर्व्हर तो बिल्ला पत्त्याच्या शेपटीलाही बांधून देतात. आमच्या सर्व्हरवर ही जुनी पद्धत चालू होती. ताईंनी पाठवली ती लिंक नव्हती, त्यांचा बिल्ला होता. सकाळपासून अख्खे पॅकहाऊस एकाच चपलेत पाय घालत होते.

"म्हणजे सकाळपासून आम्ही सगळ्या ताई?" एका बाईंनी विचारले.

"सर्व्हरच्या लेखी, हो."

"मग ताईचा पगार पण सगळ्यांना द्या!"

हशा इतका झाला की ऑफिसातल्या सहकाऱ्याने फोनवर विचारले, काय झाले. त्याला सांगितले: शेपटीतून क्रमांक घेणे बंद कर, फक्त कुकीतून घे. शिवाय लॉगिन झाले की जुना क्रमांक बदलून नवा दे.

"सर्व्हर रीस्टार्ट करावा लागेल. सगळे बाहेर फेकले जातील."

"फेक."

सगळे बाहेर फेकले गेले. आता पासवर्ड हवे होते आणि ते कोणालाच आठवत नव्हते. मी एकेकीला नवा ठरवायला सांगितले. पंख्यांच्या आवाजातून, टेबलाच्या पलीकडून, पासवर्ड ओरडून सांगितले जाऊ लागले.

"अहो, पासवर्ड हळू बोलायचा असतो."

"एवढ्या आवाजात हळू बोलून तुम्हाला काय ऐकू येणार?"

शेवटी ताईंनी वाट काढली. हातमोजे चढवण्याआधीच, दारातल्या बेसिनपाशी लॉगिन करायचे. हे आधी कोणाला सुचले नव्हते, आम्हालाही नाही.

प्रिंटर बरोबर चालू लागले. पण काळ्याच्या टेबलावरचा फोन अजूनही वर ताईंचे नाव आणि पांढऱ्याचा प्लॉट दाखवत होता. लेबल खरे, पडदा खोटा. काका लेबलकडे नाही, पडद्याकडे बघत होते. "ह्याच्यात अजून तोच बसलाय."

या वेळी मात्र दोष कॅशेचाच होता, पण सर्व्हरवरच्या नव्हे, फोनवरच्या. ब्राउझरने सकाळचे पान जपून ठेवले होते आणि सर्व्हरला न विचारता तेच पुढे करत होता. प्रत्येक पानासोबत 'हे साठवू नये' अशी सूचना जाईल, असा बदल सहकाऱ्याने केला. फोनमधली जुनी पाने आम्ही पुसली. पडद्यावर कोपऱ्यात टेबलावरच्या बाईंचे आणि प्लॉटपुढे काकांचे नाव आले. काकांनी ते मोठ्याने वाचून दाखवले, गावासकट.

राहिले आधीचे बॉक्स. प्रत्येक टेबलाचा माल त्याच टेबलामागे, शेतकऱ्यागणिक वेगळा रचलेला असल्याने कोणाचे कोणते हा प्रश्न नव्हता. फक्त सगळी लेबले काढून नवी लावायची होती. बायका दोघी-दोघी करून टेबलांमागच्या थप्प्यांना लागल्या. कंटेनरचा ड्रायव्हर कंटाळून आत आला होता, त्याला टोपी घालून उभे केले. मालाला हात लावायची परवानगी नाही म्हणून काका बाजूला उभे राहून तिरके लागलेले लेबल दाखवत होते, आणि ड्रायव्हरचे प्रत्येक लेबल तिरके लागत होते.

"गाडी पण अशीच चालवतो का रे?"

"गाडीला लेबल नसतं काका."

अधिकारी आले तेव्हा शेवटची थप्पी चालू होती. त्यांनी मधला एक बॉक्स ओढला, लेबल वाचले, कागद पाहिला, झाकण उघडले. काळी द्राक्षे. दुसरा बॉक्स पांढऱ्याचा. मग तिसरा, अगदी खालचा. त्यांनी पेनचे टोपण लावले आणि म्हणाले, "भरा."

बॉक्स चढले, दारे लागली, सील बसले. ताईंनी सीलचा नंबर मालकाला फोनवर वाचून दाखवला आणि पलीकडचे बोलणे ऐकत राहिल्या. सगळ्या त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"काय म्हणले?"

ताईंनी फोन खिशात टाकला. "परवा दुसरा कंटेनर लागतोय. मला विचारतात, किती वाजता लावू."