अकरा ठपके

भिंगराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण बाजारात दुसऱ्या नावानं विचारलंत तर कोणी पत्ता सांगणार नाही. जुन्या जॅझच्या रेकॉर्डी तपासून त्यांना दर्जा देणं, हे त्याचं तीस वर्षांचं काम. डोळ्याला भिंग लावायचं, तबकडी कडांना धरून दिव्याखाली फिरवायची, मग सुई टेकवून दोन्ही बाजू ऐकायच्या आणि तेव्हा कुठे पाकिटाच्या आतल्या कोपऱ्यात पेन्सिलीनं दर्जा लिहायचा. या धंद्याची भाषाही तिरपागडी. 'गुड' म्हणजे भंगार, 'व्हेरी गुड' म्हणजे चालवून घ्या, आणि खरोखरच चांगली असेल तर 'निअर मिंट'. भिंगरावाकडून निअर मिंट मिळवणं म्हणजे चिकट सासऱ्याकडून कौतुक मिळवणं. "मला काय दर्जा दिला होतात, ते एकदा सांगून टाका," असं बायको विचारायची आणि तो हसण्यावारी न्यायचा.

त्या सकाळी ताईकडून तीन खोकी आली. ती आणि दाजी लहान घरात राहायला चालले होते आणि तिथे रेकॉर्डींना जागा नव्हती. दुसऱ्या खोक्याच्या तळाशी एक ओळखीचं पाकीट निघालं. दाजींच्या पन्नाशीला भिंगरावानंच दिलेलं. आत त्याचंच अक्षर, निअर मिंट. बावीस वर्षांनीही तबकडी लखलखीत होती. स्वारी खूश झाली आणि सवयीनं ती लावून बसली.

दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं सुरू झालं, एकटा सॅक्सोफोन वाजू लागला आणि त्याच्या जोडीला आवाज आला. ठप. ठप. ठप. तबकडीच्या प्रत्येक फेऱ्याला एक. त्यानं मोजले, अकरा भरले.

त्यानं ताईला फोन लावला. "दाजींनी सुई पाडली होती का गं?"

"तेच म्हणतात ते," ताई म्हणाली. "वाढदिवसालाच. ते गाणं सगळ्यांना ऐकवायचं म्हणून सुई मधेच टेकवली आणि तिथेच ठप. त्यानंतर रेकॉर्डीला हात म्हणून लावला नाही. मी लावून दिली तर ऐकतात. तुला सांगायचं नाही असं बजावलं होतं. एवढी पारखून दिलेली वस्तू, त्याला काय वाटेल म्हणाले."

दाजी घड्याळजी. केसासारखी स्प्रिंग चिमट्यानं बसवणारा माणूस. त्यांच्या हातून सुई पडली, हे भिंगरावाच्या काही केल्या पचनी पडेना. चरा असता तर 'टक्' असा कोरडा आवाज आला असता. हा आवाज बोदा होता. त्यानं दिवा तिरपा केला, त्या जागेवरून बोट फिरवलं. मोहरीएवढा फोड लागला. आतून वर आलेला, त्याच्यावरच्या खाचा शाबूत. रेकॉर्ड छापतानाच, कारखान्यात आलेला फोड. वरून बघून तो दिसत नाही, ऐकावा लागतो.

आणि त्यानं ऐकली नव्हती. त्या दिवशी समारंभाला उशीर होत होता, तबकडी चकाकत होती, त्यानं लिहून टाकलं होतं. 'ऐकल्याशिवाय लिहायचं नाही' हे सगळ्या बाजाराला शिकवणारा तो. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मग त्याचं चित्त थाऱ्यावर राहीना. टोकदार पेन्सिलीलाच त्यानं पुन्हा टोक काढलं. खोडरबर उचललं, खाली ठेवलं. दर्जा खोडून रेकॉर्ड बाकीच्यांत सारली असती तर कोणाला कळणार होतं? दाजी तर आपल्याला देवमाणूस समजतात. समजू द्यावं की. जेवायला बसला आणि दोन घासांत उठला. खिडकीपाशी गेला, परत आला.

"पायाला भिंगरी लागलीय का?" बायको म्हणाली. "बसा तरी, नाहीतर कुठे जायचंय तिथे जा तरी."

तो गेला.

दाजी बांधाबांधीच्या पसाऱ्यात स्टुलावर बसून कपबशा कागदात गुंडाळत होते. भिंगरावानं रेकॉर्ड त्यांच्यापुढे धरली आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "दाजी, तुमच्या हातून काही झालं नव्हतं. हा फोड कारखान्यातला आहे. मी नुसतं बघून लिहिलं होतं."

दाजींनी बोट फिरवलं. त्यांना फोड लगेच सापडला.

"ऐकली नव्हतीस?"

"नाही."

"सुई नीट टेकली होती, हे मला तेव्हाच वाटलं होतं," दाजी सावकाश म्हणाले. "हाताला कळतं ते. पण तुझं अक्षर होतं ना. मग मी हातालाच खोटं पाडलं."

भिंगरावाला पळून जावंसं वाटत होतं.

दाजी उठले. टेबलावरच्या प्लेअरचं फडकं काढलं, रेकॉर्ड ठेवली, सुई उचलली. बहात्तर वर्षांचा हात थरथरत होता. भिंगरावानं नकळत मदतीला हात पुढे केला, तर दारातून आलेल्या ताईनं त्याचं मनगट धरलं. सुई दुसऱ्या गाण्यावर टेकली आणि जराशी खरवडली.

"हा मात्र माझा," दाजी म्हणाले.

मग ते अकरा ठपके तिघांनी उभ्यानंच ऐकले. गाणं संपल्यावर भिंगरावानं खिशातून खोडरबर आणि पेन्सिल काढली.

"थांब," दाजी म्हणाले आणि रेकॉर्ड पालटली. "ही बाजू पण ऐक. मग लिही."

भिंगराव एका खोक्यावर टेकला. सकाळपासून पहिल्यांदाच तो स्वस्थ बसला होता.