मशीनचा बेलभंडारा

आमच्या धाकट्या दिरांनी मोबाइलमधल्या एआयला वकील केलं, आणि माझ्या शेताची वाट बंद झाली.

भाऊजी परभणीला हापिसात असतात, कायद्याची चार पुस्तकं वाचलेले. माझ्या शेतात जायची गाडीवाट त्यांच्या रानातून. यंदा त्यांनी ती सरळ नांगरून टाकली. इकडं माझं सोयाबीन कापून पडलेलं, वर आभाळ भरून आलेलं, आणि ट्रॅक्टर न्यायला वाट न्हाई! डोकंच फिरलं माझं. म्हटलं, बोलवा पंच.

खंडोबाच्या देवळासमोर सगळे जमले. भाऊजींनी मोबाइल वर धरला. त्यातली बाई लय गोड आवाजात म्हणाली, "कागदोपत्री नोंद नसेल तर वाटेचा हक्क सिद्ध होत नाही." मी तरी कुठं कच्ची? सकाळीच माझ्या मोबाइलला विचारून ठेवलं होतं. माझी बाई म्हणाली, "पूर्वापार वहिवाटीची वाट अडवता येत नाही." आवाज तोच, गोडवा तोच! पंच डोकं खाजवायला लागले.

मला खोडी सुचली. आमच्याकडं साक्ष द्यायची ती देवापुढच्या ताटातला बेलभंडारा, म्हणजे बेल अन् हळद, उचलून. खोटं बोललं तर लेकराबाळांना भोवतं, म्हणून भलेभले टरकतात. मी भाऊजींच्या मोबाइलकडं बोट करून म्हणाले, "मग हिलाबी उचलू द्या की!"

सगळे खदाखदा हसले. म्हातारे पंच तेवढे हसले न्हाईत. भाऊजींकडं बघून म्हणाले, "तिला ना घर, ना लेकरू. खोटं निघालं तर धरायचं कुणाला? साक्षीला तिला तू आणलंस, तवा तिच्या वाट्याचा बेलभंडारा तूच उचल."

अगं बाई! गंमत अंगाशी आली. भाऊजी पडले हट्टी. कान लाल झाले, तरी ताटाकडं हात नेलाच. त्यांची एकुलती एक पोर माझ्या मांडीवर वाढलेली, मला मोठी माय म्हणणारी. झडप घालून मी ताट ओढलं.

"मरू द्या ती वाट! सोयाबीन सडलं तर सडू द्या. माझ्या पोरीवर काही आणू नका!"

सगळा भंडारा माझ्या पदरावर सांडला. भाऊजींनी मोबाइल खिशात टाकला आणि मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, ट्रॅक्टर बोलवा. वाट बाबाच्या वक्तापासूनची हाय. ते मी ह्या मोबाइलमधल्या बाईला सांगितलंच नव्हतं."