काकांच्या नावाचे टॅग

गायकवाडकाका गेल्याचा त्यांच्या मुलाचा एसएमएस आला, तेव्हा मी टौरंगाच्या आमच्या फळं भरायच्या पॅकहाउसमध्ये एका हीटरची वायर तपासत होते. मी तो वाचला, फोन खिशात ठेवला आणि हातातल्या हीटरची तपासणी पूर्ण केली. लगेच कोणाला काही सांगितलं नाही. मला ते जमत नाही... त्याला आता सहा आठवडे झाले.

काका महाराष्ट्रात तीस वर्षं विजेच्या सबस्टेशनवर होते. निवृत्तीनंतर इकडे परदेशात मुलाकडे आले आणि घरी बसवेना म्हणून आमच्याकडे किवीफळं निवडायच्या पट्ट्यावर उभे राहिले. मी तिथल्याच ऑफिसात होते. दोन हजार सहाच्या हंगामाआधी मॅनेजरने मला एक दिवसाच्या कोर्सला पाठवलं. कामाच्या जागी प्लगने चालणारी प्रत्येक वस्तू, ड्रिलपासून किटलीपर्यंत, ठरावीक मुदतीने तपासायची आणि तिच्या वायरीला तारीख नि तपासणाऱ्याचं नाव असलेला टॅग लावायचा. पुण्याहून बी.कॉम. करून आलेली मी एका दिवसात 'कॉम्पिटंट पर्सन', म्हणजे तपासणीला लायक व्यक्ती झाले. काकांनी टॅग डोळ्यांजवळ नेऊन माझं नाव वाचलं आणि म्हणाले, "वा, इंजिनिअरबाई! आता आमचा जीव तुमच्या हाती."

पहिल्याच आठवड्यात मी चुकले. एका एक्स्टेन्शन वायरीला तपासणीच्या मशीनने पास दिलं, मी टॅग लावून मोकळी झाले. चहाच्या सुट्टीत काकांनी ती वायर सहज हातात घेतली, बोटांतून सरकवत टोकापर्यंत गेले आणि प्लगपाशी थांबले. तिथे वरचं आवरण फाटून आतल्या रंगीत तारा दिसत होत्या. "मशीनला डोळे नसतात गं," ते हळू आवाजात म्हणाले, "तुला आहेत ना?" ती वायर मी बाद केली. सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने बारीक लक्ष असल्याबद्दल माझं कौतुक केलं. मी थँक यू म्हटलं. काका मागे उभे होते, सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या. त्यानंतर रोज चहाच्या सुट्टीत ते मला थोडं थोडं शिकवत गेले.

कोर्सच्या पुस्तिकेत एक ओळ होती. या कामाला नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनच हवा असं नाही. प्रशिक्षण, पात्रता किंवा अनुभव यांतून ज्याने ते ज्ञान आणि कौशल्य मिळवलं आहे, असा कोणीही 'कॉम्पिटंट' ठरतो. अनुभव... ती ओळ मी कोर्सच्या दिवशीच वाचली होती आणि पुढे ती कोणाला लागू पडते, हेही मला कळलं होतं. पण माझं वर्क परमिट त्या नोकरीवर होतं. हे काम हातून गेलं तर ऑफिसला माझी गरज किती उरेल, याची भीती वाटायची. संध्याकाळपर्यंत काकांचे गुडघे सुजलेले असत, ते मला दिसायचं. अख्खा हंगाम मी गप्प राहिले.

कायम राहायची परवानगी, म्हणजे रेसिडेन्सी, हातात आल्यावर मी मॅनेजरकडे जाऊन काकांचं नाव सांगितलं. त्याने काकांपुढे टेबलभर वस्तू मांडल्या. काकांनी त्यांतल्या दोन बाजूला काढल्या आणि का, ते दाखवलं. "स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास, असं म्हणून मॅनेजरने त्यांना पट्ट्यावरून काढून तपासणीवर घेतलं. त्या दुपारी मी काकांना सगळं सांगितलं.

"माहीत होतं," ते म्हणाले. "पुस्तिका तुझ्या टेबलावर उघडीच असायची."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझे कागद व्हायचे होते ना." त्यांनी डबा बंद केला. "पण गुडघे दुखले हं."

एवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

त्यांनी काम सोडल्यावर शेडमधल्या वस्तूंची मुदत संपत गेली, तसे त्यांचे टॅग कापून मी माझे लावले. ऑफिसातल्या वस्तूंची मुदत मात्र काही वर्षांची असते, त्यामुळे फ्रिजवर, प्रिंटरवर अजून त्यांचंच नाव आहे. मागच्या आठवड्यात मॅनेजर टीरूममध्ये सहजच म्हणाला, की त्या म्हाताऱ्याकडे सर्टिफिकेट तर नव्हतं, तेव्हा तेही सगळं तू एकदा परत तपासून टाकतेस का. टीरूममध्ये सात-आठ जण होते. इतक्या लोकांसमोर मी सहसा बोलत नाही.

"नो," मी म्हटलं. "ही वॉज कॉम्पिटंट."