तुराटीच्या काडीचं माप

बाजाराला माणूस जाऊ शकला नाही, तर आमच्या गावात त्याच्या पायाचं माप जायचं. टाच भिंतीला टेकवून उभं राहायचं, तुरीच्या वाळक्या झाडाची, म्हणजे तुराटीची, एक सरळ काडी पायालगत धरायची आणि अंगठ्याच्या टोकाशी मोडायची. ती काडी बाजाराला जाणाऱ्याच्या खिशात. दुकानदार ती बुटात सरकवून बघायचा आणि आत नीट बसली की जोड कागदात गुंडाळून द्यायचा. म्हाताऱ्यांच्या, नव्या सुनांच्या वहाणा अशाच घरी यायच्या. माप चुकलं तर कोणी कोणाला बोलायचं नाही. काडी चुकली म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

अशीच एक काडी मी एकदा वाशीमच्या बाजारात नेली होती. ती चुकली नव्हती. आज पंचेचाळिशी ओलांडल्यावर तेवढं तरी लिहून ठेवावं असं वाटतं.

दुष्काळाचं वर्ष होतं, बहात्तर-त्र्याहत्तरचं. माझा मित्र आणि मी अनसिंगच्या शाळेतून मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. मी शेतकऱ्याच्या घरचा, तो गावाच्या खालच्या अंगाच्या बौद्ध वस्तीतला. त्याच्या घरचे सगळे दुष्काळी कामावर खडी फोडत होते, तोही फोडत होता. आमच्या घरी निदान जुनी ज्वारी होती. अकोल्याला पोलीस भरती होणार असल्याचं कळलं, तेव्हा आपण दोघांनी जायचं असं त्यानंच ठरवलं. आमचा जिल्हा तेव्हा अकोलाच होता.

पळण्यात तो माझ्या कितीतरी पुढे होता. सकाळी कामावर जायच्या आधी आम्ही गाडीवाटेनं फाट्यापर्यंत पळायचो. मी धापा टाकत पोचायचो तेव्हा तो बाभळीखाली बसून दात घासत असायचा.

"या पाटील, या," तो म्हणायचा. "बैलगाडी करून द्याची होती काय?"

आम्ही काही पाटील नव्हतो. मला चिडवायला तो तसं म्हणायचा.

तो अनवाणी पळायचा. अनवाणीच चालायचा. त्याचे पाय अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. टाचेकडे बेताचे आणि पुढे एकदम पसरलेले, बोटं एकमेकांपासून लांब, प्रत्येकाला वेगळी जागा हवी असल्यासारखी. त्याचे वडील आमच्या शेतात कामाला यायचे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले की ते पायातल्या वहाणा काढून हातात घ्यायचे आणि गल्ली संपली की पुन्हा घालायचे. तसं करायला आता त्यांना कोणी सांगत नव्हतं. पण घालूनच या, असंही कोणी म्हणालं नव्हतं. माझे वडील म्हणाले नाहीत. मीही म्हणालो नाही. मी ते लहानपणापासून बघत होतो आणि मला ते दिसतच नव्हतं.

एकदा मी मित्राला विचारलं होतं, "तू वहाना काहून घालत नाई रे?"

"घातल्याच नाई तर काढा लागत नाईत," तो म्हणाला आणि हसला. मीही हसलो.

गावात पेन्शनीत आलेले एक पोलीस जमादार होते. त्यांना आम्ही विचारलं, भरतीला काय काय लागतं. खाटेवर बसून त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. "बनियन पायजे. चड्डी पायजे, हाफ, दोरीची नाई, इलॅस्टिकची. अन् बूट पायजेत कॅनव्हासचे. बुटाबिगर मैदानात उभंच राहू देत नाईत."

आम्ही दोघं नवखे. पळण्यासाठी पाय सोडून आणखी काही लागतं हेच आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं होतं. जमादार म्हणाले म्हणजे तसंच असणार. त्यांच्या वेळी कदाचित तसं असेलही.

बाजाराच्या दिवशी मित्राला कामावरून सुटता येईना. रोज हजेरी व्हायची आणि गैरहजर राहिलेल्याच्या जागी दुसरा उभाच असायचा. म्हणून आदल्या दिवशी त्यानं घराच्या भिंतीला टाच लावली, मी काडी धरली आणि अंगठ्याशी मोडली. रुमालात बांधलेले पैसे त्यानं माझ्या हातात दिले.

"मजबूत पाहून घेजो," तो म्हणाला. "लय पळा लागते. अन् उरले तर तुह्या चड्डीले लाव."

हे वाक्य मी नंतर पुष्कळदा स्वतःला ऐकवलं. तोच म्हणाला होता, असं.

वाशीमला बुटांचं दुकान शोधत मी बराच फिरलो. मोठ्या दुकानात शिरायचा धीर झाला नाही. शेवटी बाजाराच्या कडेला एका पत्र्याच्या दुकानात एक म्हातारा दुकानदार भेटला. त्यानं आधी मला बूट घालून दिले, पांढरे, शाळेतल्या कवायतीचे असतात तसे. माझ्या पायाला बरोबर झाले. मग मी खिशातून काडी काढली. तसल्याच दुसऱ्या जोडात त्यानं ती सरकवली. ती टोकापर्यंत नीट बसली.

"लंबाई तं ठीक हाये," तो म्हणाला. "पन पंजा कसा हाये त्याचा? चौडा? अनवानी चालनारा असंन तर हे नोको नेऊ, भाऊ. हा पाह्य, हा जोड." त्यानं वरच्या फळीवरून एक तपकिरी जोड काढला. जाड रबराचा तळ, पुढून कासवासारखा रुंद. "एकच उरला. जरा महाग हाये, पन टिकते."

मी तो हातात घेतला. आत बोटं घालून पाहिली. या बुटात त्याचा पाय सुखानं राहील हे मला तिथंच कळलं होतं.

शेजारच्या कपड्याच्या दुकानाबाहेर दोरीवर एक चड्डी लटकत होती. निळी, इलॅस्टिकची, दोन्ही बाजूंनी पांढरी पट्टी असलेली. येताना मी ती पाहिली होती. माझ्याकडच्या पैशांत साधी खाकी आली असती. तपकिरी बूट घेतले तर रुमालात काही उरत नव्हतं.

"पंजा कसा हाये, सांग नं," म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं.

"साधाच हाये," मी म्हणालो.

संध्याकाळी मित्रानं बूट घातले. दोन बोटांनी करंगळीची बाजू दाबून पाहिली आणि तो दहा पावलं चालला.

"आवळते लेका."

"नवे हायेत. सैल होतील."

"हाव," तो म्हणाला. "नवं सारंच आवळते." मग त्यानं माझ्या चड्डीकडे पाहिलं, पट्टीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "अरे वा. पाटील आताच साहेब दिसून राह्यले."

भरतीला पंधरा दिवस होते. त्यानं बुटांना एरंडीचं तेल लावलं, रात्रभर ओलं फडकं कोंबून ठेवलं, शेवटी ब्लेडनं करंगळीपाशी कापायलाही निघाला होता. मीच त्याला थांबवलं. फाटके बूट पाहून मैदानाबाहेर काढतील म्हणालो. त्या पंधरा दिवसांत तो मागे पडू लागला. मी फाट्यावर पोचायचो आणि तो माझ्या मागून यायचा, पाय बाहेरच्या कडेवर टाकत. मला त्याचं वाईट वाटायचं. आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण त्याच्या पुढे आहोत, हेही आत कुठेतरी वाटायचं. हे लिहिताना हात थांबतो, पण ते खरं आहे.

निघायच्या सकाळी तो मला बोलवायला आमच्या गल्लीतून आला. पायात बूट होते. ते त्यानं खडू लावून पांढरेशुभ्र केले होते. त्याच्या मागे चार पावलांवर त्याचे वडील होते, त्याला एसटीत बसवून द्यायला निघालेले. वहाणा त्यांच्या हातात होत्या. माझी आई दारात उभी होती. मी पिशवी उचलली आणि आम्ही निघालो.

अकोल्याच्या मैदानावर पोरंच पोरं होती. आमचे गट वेगळे पडले. माझा आधी होता. मित्राला पन्नास-साठ पावलांवरच्या एका लिंबाखाली बसवलं होतं. मी रांगेत उभा राहिलो आणि आजूबाजूला पाहिलं. निम्मी पोरं अनवाणी होती. कोणाच्या अंगात फाटकं बनियन, तर कोणी धोतराचा काचा मारून आलेला. समोरच्या शिपायाला मी विचारलं, "साहेब, बिनबुटाचं चालते काय?"

तो हसला. "बुटाले थोडीच भरती करून राह्यलो? पायाले करून राह्यलो."

लिंबाखाली तो बुटांच्या नाड्या पुन्हा बांधत होता. साठ पावलं. ओरडलो असतो तरी ऐकू गेलं असतं. काढ ते बूट, एवढंच म्हणायचं होतं. मी स्वतःला सांगितलं की आता आपला नंबर पुकारतील, रांग सोडली तर बाद करतील. मग मी पळालो. मधल्या कुठल्यातरी नंबरावर आलो आणि निवडीच्या बाजूला बसवला गेलो. त्यानंतरही त्याचा गट उभा राहायला वेळ होता. पण मी उठलो नाही. जागा किती आहेत, कोणाला ठाऊक नव्हतं. तो अनवाणी पळाला असता तर पहिल्या पाचांत आला असता, हे मात्र मला ठाऊक होतं. मी चड्डीकडे बघत बसलो. घामानं निळा रंग सुटून पांढऱ्या पट्टीत उतरला होता.

पहिल्या दोन फेऱ्या तो सगळ्यांच्या पुढे होता. तिसऱ्या फेरीत पाय वाकडे पडू लागले. चौथीत एकेक जण त्याला ओलांडून गेला. तो थांबला मात्र नाही. शिट्टी झाल्यावर, इतर पोरं बसल्यावर, त्यानं ती फेरी पुरी केली.

परतताना पॅसेंजर गाडी जऊळक्याच्या स्टेशनात बराच वेळ थांबली. ऊन उतरलं होतं. तिथं त्यानं बूट काढले. एका बुटाचं कापड बोटांना चिकटलं होतं, पाणी ओतून सोडवावं लागलं. मी खिडकीबाहेर पाहत होतो.

"पाटील, इकडे पाह्य," तो म्हणाला. "करंगळीचं नख मैदानातच राह्यलं. थे तरी भरती होईन."

समोरच्या बाकावरची बाई हसली. मीही हसलो. मग तो बाकावर पाय घेऊन, डब्याच्या भिंतीला डोकं टेकवून वाशीमपर्यंत डोळे मिटून बसला.

मी पोलिसात लागलो. तो पुन्हा कधी भरतीला गेला नाही. पुढच्या वर्षी वयात बसत होता, पण तोवर त्याच्या वडिलांची छाती बिघडली होती आणि घर त्याच्यावर आलं होतं. पुढे रस्त्याच्या गँगमध्ये लागला. गाडीतून जाताना तो मला कधी कधी दिसायचा, डांबराच्या धुरात, डोक्याला फडकं बांधलेला. मी गाडी थांबवायचो. तो हात पुसून यायचा आणि लोकांसमोर मला "साहेब" म्हणायचा. माणसं पांगली की "पाटील".

गेल्या वर्षी त्याचे वडील गेले. मी भेटायला गेलो. ओट्यावर आम्ही दोघंच बसलो होतो. दाराशी म्हाताऱ्याच्या वहाणा अजून तशाच होत्या. काय झालं कोणास ठाऊक, मी सांगून टाकलं. मैदानावर मला आधीच कळलं होतं की अनवाणी चालतं. मी तुला सांगितलं नाही. सांगायला वेळ होता.

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"मले मालूम होतं," तो म्हणाला.

"काय?"

"बिनबुटाचं चालते म्हून. डोळे नव्हते काय मले? अर्धं मैदान अनवानी पळून राह्यलं होतं."

"मंग काढले काहून नाईत?"

त्यानं दाराकडे मान केली. "थ्या दिवशी तुमच्या गल्लीतून बूट घालून आलो मी. बाबा मांगून, वहाना हातात घेऊन. एसटीत चढताना ते मले म्हने, 'लेका, वाजतात चांगले.' मंग मैदानात जाऊन काढू काय मी?"

तेवीस-चोवीस वर्षं मी त्या साठ पावलांचं ओझं वाहत होतो आणि ते ओझं माझं नव्हतंच. त्यानं बूट काढलेच नसते. त्याला बूट घालूनच पळायचं होतं. फक्त त्याला पाय मावेल असे बूट हवे होते.

तोही मनात याच ठिकाणी आला असावा. जमिनीकडे पाहत त्यानं विचारलं, अगदी सहज, "एक सांग. थ्या दिवशी बजारात थ्या बुटाहून रुंद नव्हते नं?"

"नाई," मी म्हणालो.

"मंग तू तरी काय करशील," तो म्हणाला आणि माझ्यासाठी चहा सांगायला आत गेला.

तो अजूनही मिळेल ते वाचत असतो. कधीतरी हेही त्याच्या हाती पडेल. होता. तपकिरी, जाड रबराचा, एक जोड होता. मी तो हातात घेऊन पाहिला होता.