जवळची खूण

आमच्या नारायण पेठेतले हे निवृत्त पोस्टमन. कुणी कुठलाही पत्ता सांगितला, की आधी विचारतात, "जवळची खूण?" सहा महिने न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मुलाकडे राहून आले, तरी सवय गेली नाही.

माझ्या भाचीला तिथेच खोली मिळाली, तेव्हा मी काळजीने त्यांच्याकडे गेलो. "अहो, ती काळ्या लोकांची वस्ती ना?"

"वस्ती काय? पेठ म्हणा," चष्मा पुसत ते म्हणाले. "जुनं नाट्यगृह आहे, वाचनालय आहे, कोपऱ्यावर चर्च. रविवारी गाणं असं होतं, की मी एरवी देवळातही जात नाही, पण तिथे जायचो. आणि दारच्या पायऱ्यांवर बसलेल्या बायका येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करतात. आणखी काय हवं पेठेला?"

मग कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी भाचीसाठी नकाशा काढून दिला. रस्त्यांची नावं नाहीत, नुसत्या खुणा. एका घराच्या पायऱ्यांवर फुली होती.

परवा भाचीचा फोन आला. त्या पायऱ्यांवर बसलेल्या आजींनी नकाशा बघून विचारलं होतं, "माझ्या शेजारी रोज बसणारे ते पोस्टमन बरे आहेत ना?"

मी धावत जाऊन त्यांना सांगितलं.

"म्हणजे पत्ता बरोबर होता," ते एवढंच म्हणाले, आणि पुन्हा चष्मा पुसू लागले.