पोह्यांच्या डब्यातला शनिवार

शुक्रवारी सूर्य कलला की नाओमीबाय मोबाइल बंद करते, फडक्यात गुंडाळते आणि पोह्यांच्या रिकाम्या डब्यात टाकून झाकण लावते. मग दिवा लावते. शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत तो डबा उघडत नाही.

रोह्याला बैठ्या चाळीत तिच्या दोन खोल्या आणि शेजारी माझी एक. नाटक कंपनीच्या बसमधून अर्धा महाराष्ट्र पालथा घालून, आवाज बसल्यावर मी इथे येऊन टेकलो, त्याला बत्तीस वर्षं झाली. पहिला चहा पाजला तो तिच्या नवऱ्याने, नथानियल अष्टमकरने. नदीपलीकडच्या अष्टमीतलं हे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं घराणं. बाकीचे नातलग एकेक करून इस्राएलला गेले. नथानियल अकरा वर्षांपूर्वी वारला आणि इथेच मातीत गेला. बाय म्हणते, त्याला एकट्याला टाकून मी कुठं जाऊ?

शनिवार तिचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस; त्या दिवशी ती विस्तव पेटवत नाही की पैशाला शिवत नाही. सकाळी सात वाजता मी तिच्या स्वयंपाकघरात जातो, गॅस पेटवतो आणि माझ्यासाठी म्हणून चहा ठेवतो. कप मात्र दोन भरतो. तिने सांगायचं नाही, मी विचारायचं नाही. एकही वाक्य नसलेला हा प्रवेश आम्ही बत्तीस वर्षांत एकदाही चुकवला नाही.

मग एका वर्षी मालकाने चाळ विकायला काढली. माझी खोली मी आधीच विकत घेतली होती. मालक म्हणजे पेणचे विष्णुमास्तर, सरळ माणूस. जुनी भाडेकरू म्हणून दोन खोल्या तिला नऊ लाखांत देतो म्हणाले, पण सोमवारी अकरा वाजता नोंदणी आणि पैसे पूर्ण. नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. इस्राएलमधल्या अश्दोदहून मुलगा जोनाथन फोनवर म्हणाला, "आई, खोल्या मिळाल्या तर राहा. नाय मिळाल्या तर मी तिकीट काढतो. मग वाद नको." बाय म्हणाली, "ठरलं."

पैसे जोनाथनचेच होते, तीन वर्षांत पाठवलेले. बँकेतून पाठवले की चार-पाच दिवस लागत आणि वाटेत बरीच कापाकापी होई. म्हणून तो स्टेबलकॉइन पाठवी. एक नाणं म्हणजे एक डॉलर. ते काढणारी कंपनी सांगते की जितकी नाणी बाजारात, तितके डॉलर आम्ही बँकेत ठेवलेत. तिकडे त्याने बटण दाबलं की इकडे बायचा मोबाइल वाजायचा. भाजी निवडून व्हायच्या आत पैसे हजर! मला त्याचं फार अप्रूप वाटे.

हे सगळं मोबाइलवर बसवून दिलं होतं सुशीलने. वरच्या आळीतला हा पोरगा धाटावला केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. नाणी विकायची ती नोंदणी असलेल्या ॲपवरच, हेही त्यानेच बजावलं होतं. कोलाडच्या एका हॉटेलवाल्याने अनोळखी माणसाला नाणी विकली. त्या माणसाचा पैसा फसवणुकीचा निघाला आणि याचं बँक खातं पोलिसांनी गोठवलं. इतका सावध पोरगा. पण पाच लाखांची नाणी मोबाइलात ठेवून उरलेली चार लाखांची दुसऱ्या एका ॲपवर कर्जाऊ लावायचा सल्लाही त्याचाच. वर्षाला नऊ टक्के व्याज. मुदत रविवारी संपायची होती. सोमवारी सकाळी सगळं विकू, असं ठरलं होतं.

शनिवारी साडेदहाला सुशील रात्रपाळी करून आला तो थेट माझ्या दारात. बॅग खांद्यावर, डोळे लाल.

"नाना, नाणं पडलं! ब्याऐंशी रुपयांचं त्र्याहत्तरवर आलं. त्या कंपनीचे डॉलर ज्या बँकेत होते, ती अमेरिकेतली बँकच बुडाली. मी माझी सगळी विकून टाकली."

"आणि बायची?"

"तेच सांगतोय. कर्जाच्या ॲपवाले मुदतीआधी पैसे काढायचे अर्ज बारापर्यंतच घेतायत. नंतर पैसे काढणं बंद. डबा उघडा, नाना. पिन मला ठाऊक हाय."

"आज शनिवार आहे."

"तुम्ही गॅस पेटवता ना? तसंच हे. तिला सांगूच नका."

बिनतोड वाटलं मला. तरी तासभर अंगणात येरझाऱ्या घातल्या, मग पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळले. बाय खिडकीशी बसली होती. फळीवरचा डबा मी खाली घेतला. घड्याळात अकरा पस्तीस. मी झाकणाला हात घातला.

"ठेवा तो, नाना," मागे न बघता ती म्हणाली. सुशीलचं ओरडणं तिने ऐकलंच होतं.

"बाय, मी करतोय. तू काही करत नाहीस. चहासारखंच आहे."

"चहा तुम्हाला लागतो म्हणून तुम्ही पेटवता. हे नाणं तुमचं हाय काय?"

मी झाकणावरचा हात काढला.

"सहा दिवस मी हिशेब करते. आज नाय."

"मावशी, घर जाईल गो!" सुशील दारातून ओरडला.

"जाऊ दे. तू आधी अंघोळ कर. कंपनीचा वास घेऊन उभा हाय दारात."

डबा मी परत फळीवर ठेवला. बारा वाजले. तिघांनीही घड्याळाकडे पाहिलं. ती दुपार मी आयुष्यात विसरणार नाही. सुशील दर दहा मिनिटांनी आकडा सांगायला यायचा. एकाहत्तर. पंच्याहत्तर. परत त्र्याहत्तर. शेवटी मी दार लावून घेतलं.

संध्याकाळी आम्ही अंगणात माना वर करून उभे राहिलो.

"दोन दिसले. पुरे आता," सुशील म्हणाला.

"तीन," बाय म्हणाली.

तिसरा तारा धाटावच्या धुरामागून यायला वीस मिनिटं लागली. मग तिने स्वतः डबा उघडला. नाणं अठ्ठ्याहत्तरवर आलं होतं. कर्जाच्या ॲपवर एकच ओळ होती: पैसे काढणं तात्पुरतं बंद.

सोमवारी सकाळपर्यंत नाणं पुन्हा ब्याऐंशीला टेकलं. मोबाइलातले पाच लाख शाबूत राहिले, ते दहाच्या आत बँकेतही आले. सुशीलने त्र्याहत्तरला विकून बारा हजार घालवले होते. कर्जाऊ दिलेले चार लाख मात्र अडकले ते अडकलेच.

नोंदणीच्या कचेरीबाहेर बायने विष्णुमास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर चष्मा पुसत राहिले.

"नाओमीबाय, थांबलो असतो. पण मलाही भावांचे हिस्से द्यायचेत."

"थांबू नका. पाचात काय मिळतं ते सांगा."

"एक खोली."

"स्वयंपाकघराची द्या."

तिथूनच तिने जोनाथनला फोन लावला. "खोल्या ठरल्या होत्या, आई," तो म्हणाला. "एकच मिळाली."

"राहायला माणूसही एकच हाय," ती म्हणाली. "तिकीट काढू नको."

पुढच्या खोलीत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मधलं दार विटांनी बुजवलंय. त्या ॲपवर ती ओळ अजून तशीच आहे. मी डबा उघडला असता तर चार लाख सुटले असते. पण घाबरून पाच लाखांची नाणीही त्र्याहत्तरला फुंकली असती, हेही मला माहीत आहे. कधी एक वाटतं, कधी दुसरं. बायला विचारायची छाती होत नाही.

शनिवारी सकाळी सात वाजता मी आता मागच्या बोळातून जातो. उंबरठा उंच आहे, गुडघा कुरकुरतो. गॅस पेटवतो आणि माझ्यासाठी म्हणून चहा ठेवतो.